काँगांच्या मागचं स्टूल

काका,

तुम्ही शेवटचं विचारलंत तेव्हा मी "बघू" म्हणालो. आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं अमेरिकेत काढून, घरात बायकोशी स्पॅनिशमध्ये बोलूनही तुम्ही ते विसरला नव्हतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खिडकीकडे बघितलंत आणि नील्डाकाकूंना म्हणालात, "याला चहा दे." विषय तिथे थांबला. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

विचारलं होतंत ते एवढंच, की तुमच्यामागे रामिरोच्या बँडमध्ये तुमच्या जागी मी बसेन का. रामिरोचा बँड साल्सा वाजवतो, दर रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, एका कोलंबियन खानावळीच्या मागच्या हॉलमध्ये. लोक जेवतात आणि मग नाचतात. तिथे काँगांवर, म्हणजे त्या कमरेइतक्या उंच, हातांनी वाजवायच्या ढोलांवर, मी यायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही बसत होतात. तुमची इच्छा होती, रामिरोची ना नव्हती. अडत होतं ते फक्त माझ्यापाशी.

तुम्हाला निरोप देऊन झाला, घरची मंडळी पांगली, तरी मी त्याच प्रश्नापाशी उभा होतो. कांदा परततानाही तोच, झोपायला पडल्यावरही तोच. रडायला फारसं जमलं नाही. नुसता थकलोय, काका. लग्नाची शेवटची पंगत उठल्यावर आचारी थकतो तसा.

इथल्या मराठी मंडळाच्या वैद्यबाई म्हणाल्या, अंकासाठी राऊतकाकांवर चार ओळी लिहून द्या. मी म्हटलं, बाई, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. त्या म्हणाल्या, "अहो, पण दर रविवारी तुम्हीच तर असायचात त्यांच्याबरोबर." तेही खरंच. तुमचा जन्म कुठला, कोणकोणत्या शहरांत वाजवलंत, ते त्या लिहिणार आहेत. त्यात मी पडत नाही. माझं जे राहिलंय ते तुमच्याशीच आहे.

आपली पहिली भेट भांडणाची. मी येऊन चार-पाच महिने झाले असतील. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बास्केटबॉलच्या रिंगखाली गणपती बसवलेला, आणि जेवणाचं काम आमच्या रेस्टॉरंटकडे. तबला वाजवणारे डॉक्टर ऐनवेळी हॉस्पिटलात अडकले म्हणून कोणीतरी तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात ते काँगा घेऊन. आरती सुरू झाली आणि सगळ्या हॉलचे हात अडखळायला लागले. जिथे दणका पडायचा तिथे तुमचा हात हवेत, आणि दणका त्याच्या आधीच पडून गेलेला. पोरं खूश. पहिल्या रांगेतले एक आजोबा मिटल्या डोळ्यांनीच कपाळाला आठ्या घालून उभे. मला राहवेना. गावी, खेडला, मी बँजो पार्टीत ढोलकी वाजवायचो. मिरवणुकीत सम चुकली, पहिल्या मात्रेवर ठोका नीट पडला नाही, तर नाचणारी पोरं मागे वळून शिव्या घालतात. मी मसालेभाताचं पातेलं खाली ठेवलं, कोणाच्या तरी हातातली झांज घेतली आणि दर समेवर खणखणीत द्यायला लागलो. हॉलचा जीव भांड्यात पडला. तुमचा नाही पडला.

आरती संपल्यावर तुम्ही थेट माझ्या टेबलाशी आलात.

"झांज तुम्ही वाजवत होतात?"

"हो."

"ती जागा मी रिकामी ठेवली होती."

"मला वाटलं, चुकून राहिली."

तुम्ही ताट पुढे केलंत. मग विचारलंत, "भात तुम्हीच केलाय?"

"हो."

"भात चांगला झालाय. वाढा अजून. आणि परत माझ्या जागा भरू नका."

जाताना मंडळाचे अध्यक्ष तुम्हाला म्हणाले, "राऊतकाका, पुढच्या वर्षी जरा साधं वाजवा हं." तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी डॉक्टरांना सुट्टी काढायला सांगा." मला तेव्हाच तुम्ही आवडलात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या टॉवरांवर ते विमानांचं झालं. रेस्टॉरंट ओस पडलं. आम्ही किचनमधले चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये एका ट्रकमधून कोणीतरी आमच्यावर ओरडत गेलं. काय ओरडला ते मला इंग्रजी नसल्याने समजलं नाही, पण आवाज समजला. मी बाहेर जाणंच बंद केलं. काम आणि खोली, खोली आणि काम. आई फोनवर म्हणायची, परत ये. परत जाऊन काय करणार होतो, तेही तिला माहीत होतं.

एका रविवारी दारावर थाप पडली. तुम्ही मालकाकडून पत्ता काढला होतात.

"चल. सामान उचलायला माणूस हवाय."

"काका, बाहेर सध्या..."

"मला या शहरात सगळे मेक्सिकन समजतात. तुलाही समजतील. कोणी काही बोललं तर हसायचं आणि मान हलवायची. शर्ट बदल."

तुम्ही "तुम्ही"वरून "तू"वर कधी आलात ते मला कळलंही नाही. त्या हॉलमध्ये मला कोणी विचारलं नाही, की कुठला, कशाला आलास, कागद आहेत का. एका बाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, मी राजमा-भात समजून खाल्लं आणि ते जवळपास तसंच निघालं. तुम्ही काँगांच्या मागे एक स्टूल ठेवलंत. "इथे बस. काही भरू नकोस," म्हणालात. मी भिंतीला पाठ टेकली. महिनाभरात पहिल्यांदा मी कुठेतरी पाठ टेकून बसलो होतो. पुढची सगळी वर्षं रविवारी दुपारची माझी जागा तीच. तुम्हाला ती शिकाऊ माणसाची जागा वाटत होती. मला ती तेव्हापासूनच पुरेशी वाटत होती. आपल्या सगळ्या वादाचं मूळ तिथेच असावं.

बँडमध्ये तुमच्या मनोहरचं त्यांनी "मानो" केलं होतं. त्यांच्या भाषेत मानो म्हणजे हात, हे तुम्ही पहिल्याच दिवशी मला अभिमानाने सांगितलंत. माझ्या प्रकाशचं "पाको" झालं, त्याला काहीच अर्थ नाही. "तुझा अर्थ अजून लागायचाय," असं तुम्ही म्हणायचात.

मग तुमच्या डोळ्यांवर साखरेचा परिणाम झाला आणि गाडी मी चालवायला लागलो. जायला तासभर, यायला तासभर. एसी फुल केला तरी उन्हाळ्यात सीट चटके देणारी, मागे आडवे घातलेले काँगा, आणि तुम्ही खिडकीला डोकं टेकून बोलायचात. मुंबईत फिल्मच्या रेकॉर्डिंगला तुम्ही "साइड रिदम"ला असायचात. तबला-ढोलकवाले पुढे, आणि बोंगो-काँगा घेऊन तुम्ही कोपऱ्यात. गाणं गाजायचं. एकदा रिक्षात तेच गाणं लागलं, तुम्ही रिक्षावाल्याला म्हणालात, "हे मागचं टकटक ऐकताय ना, ते मी आहे." तो म्हणाला, "उतरायचं कुठे ते सांगा."

मग कुठल्याशा ऑर्केस्ट्राबरोबर अमेरिकेचा दौरा. दौरा न्यूयॉर्कला संपला, मंडळी परतली आणि तुम्ही राहिलात, कारण एका बागेत तुम्ही पोर्तो रिकोच्या म्हाताऱ्यांना काँगा वाजवताना ऐकलंत. तुम्ही मोठ्या तोऱ्यात जाऊन त्यांच्यात बसलात आणि वाजवलंत. ते काही वाईट बोलले नाहीत. एकाने तुमचे हात ढोलावरून अलगद उचलले आणि हातात दोन दांडके दिले. क्लावे. आधी तीन टोले, मग दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. अख्खा बँड त्या पाच टोल्यांवर उभा असतो. तो सगळा उन्हाळा तुम्ही फक्त दांडके वाजवलेत. "रेकॉर्डिंगला वाजवणारा माणूस मी, आणि तिथे बालवाडीत," तुम्ही म्हणायचात. हसत सांगायचात, पण दर वेळी सांगायचात.

पुढे लग्नं, वाढदिवस, क्रूझच्या बोटी, हॉटेलच्या लॉबीत लॅटिन जॅझ. जॅझचे लोक बसून ऐकतात, एकेकाच्या वाजवण्याला टाळ्या देतात, तुमचं नाव माइकवरून घेतात. साल्सात तुमच्याकडे कोणी बघत नाही, सगळे आपापल्या जोडीदाराकडे बघतात. तरी तुम्हाला साल्साच जवळचा. मी विचारलं का, तर म्हणालात, "बसलेल्या माणसाला मी आवडतो की नाही ते त्याला ठरवावं लागतं. नाचणाऱ्याला ठरवावं लागत नाही."

नागपूरकडचा एक मुलगा इथे पीएचडी करायचा, तो एकदा मित्रांना घेऊन ऐकायला आला होता. ब्रेकमध्ये तुम्हाला म्हणाला, "काका, भारी यार. फुल टाइम काय करता?"

"हेच."

"नाही, म्हणजे जॉब?"

"हेच."

तो जरा गोंधळला. "सही आहे," म्हणाला आणि चिप्स आणायला गेला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, तुझं बरंय. स्वयंपाकी म्हटलं की लोकांना कळतं." त्या दिवशी तुम्ही खूप थकलेले दिसलात. तुमच्या बोटांची टोकं उकललेली असायची, पेरांवर पांढरी चिकटपट्टी. माझी आई कोकमाचं तेल पाठवायची, मेणासारखा घट्ट गोळा. तो मी पातळ करून द्यायचो आणि तुम्ही तळहाताला चोळून बसायचात. मग ट्रम्पेटवाल्याला ओठांसाठी हवं झालं, मग रामिरोला टाचांसाठी. खेडच्या कोकमावर तो बँड चालला होता असं मी गावी सांगतो, कोणाला पटत नाही.

स्टुलावर बसून मी शिकत गेलो, हे खरं. सोमवारी रेस्टॉरंट बंद, तेव्हा तुमच्या गॅरेजमध्ये तुम्ही मला बसवायचात. हात चालायचा. तुम्ही म्हणायचात, हात आहे तुझ्याकडे. अडायचं एकाच ठिकाणी. तुमच्या काँगाचा जोर चौथ्या मात्रेवर. पहिली मात्रा, आपली सम, तिथे नुसता हात टेकवायचा, आवाज जवळजवळ नाहीच. आणि मी लहानपणापासून समेवर घर बांधलेला माणूस. दोन मिनिटं नीट जायची, मग अंगात यायचं आणि धाडकन एकावर.

"अरे, एक सोड."

"सोडला होता, काका."

"परत धरलास."

"समेवर आल्याशिवाय जिवाला बरं वाटत नाही हो."

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून वाजवतोयस का? समोरच्याला पाय उचलायला लावायचाय. तू एकावर दण्णकन दिलंस की तो पाय रोवून उभा राहतो. मग त्याला काय मी जाऊन उचलू?"

यावर मी काहीतरी बोलायचो, की आपल्याकडे हजारो लोक त्या दणक्यावरच नाचतात. तुम्ही म्हणायचात, ते पुढे चालत असतात, नाचत नसतात. मी म्हणायचो, तुम्ही गाव विसरलात. तुम्ही म्हणायचात, तू विसर थोडं. काकू आतून ओरडायच्या, जेवायला या.

एका रविवारी काउबेलवाला आला नाही. गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी ती घंटा, तिच्यावर काठीने वाजवायचं. तुम्ही माझ्या हातात दिलीत. गाणंभर मी नीट होतो. शेवटी मात्र आपल्या लोकांना जे होतं ते मला झालं. गाणं संपतंय म्हटल्यावर हात आपोआप तिहाईत गेला. तेच बोल तीनदा आणि तिसऱ्यांदा समेवर. बँडने आधीच, त्यांच्या पद्धतीने, समेच्या अलीकडे गाणं कापलं होतं. सगळं शांत, आणि त्या शांततेत माझी एकट्याची घंटा. टण्. नाचणारे थांबून बघायला लागले. रामिरोने हळूच मान वळवली. आणि तुम्ही मराठीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालात, "पोचलास का घरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परतताना गाडीत तुम्ही आपण होऊन म्हणालात, की न्यूयॉर्कमध्ये तुमच्याकडून हेच झालं होतं, आणि एकदा नाही. "आपल्याच लोकांकडून ही चूक होते, पक्या. बाकीच्यांना ती करायला सुचणारही नाही." आणि मग, "मला अजूनही सम ऐकू येते. वाजवत नाही, एवढंच." हे तुम्ही एकदाच बोललात. मला वाटतं, तुम्ही मला जे काही दिलंत त्यातलं हे सगळ्यात मोठं.

वादळाच्या वर्षी अख्खं ह्यूस्टन एकाच दिवशी रस्त्यावर आलं. काकूंनी बॅगा भरल्या होत्या. तुम्ही बॅगा काढून काँगा ठेवलेत. काकू स्पॅनिशमध्ये काय बोलल्या ते तुम्ही मला भाषांतर करून सांगितलं नाहीत. हायवेवर गाड्या तासन् तास जागच्या जागी. पेट्रोल वाचवायला एसी बंद, खिडक्या उघड्या, आत भट्टी. माझा पासपोर्ट खोलीवर राहिला होता आणि जवळ कागद नसलेल्या माणसाला अशा वेळी काय काय होऊ शकतं याचे सगळे प्रकार मी मनात करून बघत होतो. तुम्ही म्हणालात, "पक्या, तू वादळाला घाबरतोस की ऑफिसरला?" मी म्हटलं, "वादळ काही विचारत नाही." तुम्ही हसलात आणि डॅशबोर्डवर वाजवायला लागलात. काकू मागच्या सीटवर, काँगाखाली अर्ध्या दबलेल्या, रागातच क्लावेच्या टाळ्या द्यायला लागल्या. शेजारच्या पिकअपमधली बाई उतरून तापलेल्या रस्त्यावर अनवाणी नाचली आणि चटका बसल्यावर परत चढली. मी मांडीवर वाजवत होतो. मला आठवतं, बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, "आत्ता बरोबर होतास." मी म्हटलं, "भीतीने हात हलका पडत होता." तुम्ही म्हणालात, "मग तसाच भीत राहा."

भीत तर मी राहिलोच. तुम्ही दर वर्षी विचारायचात आणि मी दर वर्षी कागद पुढे करायचो. मी या देशात स्वयंपाकी म्हणून आलो, मालकाने अर्ज केलाय, दुसरं काही काम केलं आणि कोणी बोट दाखवलं तर सगळं जाईल.  "ग्रीन कार्ड येऊ दे," एवढंच तुम्ही म्हणायचात. मलाही ते सोयीचं होतं.

या वर्षी कार्ड आलं. तुम्ही तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होतात. मी मिठाई घेऊन आलो, तुम्हाला ती खायची नव्हती, काकूंनी खाल्ली. तुम्ही कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलंत आणि म्हणालात, "फोटोत किती घाबरलायस." मग रविवारी बँडमध्ये सगळ्यांना सांगितलंत. पुढच्या काही रविवारी तुम्हाला गाणंभर हात चालवणं जमेना, दोन गाण्यांमध्ये तुम्ही मान खाली घालून श्वास घ्यायचात, आणि मी स्टुलावरून तुमच्या शर्टावर पसरत जाणारा घाम बघायचो. उठून तुमच्या जागी बसलो नाही. तुम्हीही मला उठवलं नाहीत. मग तुम्ही जायचेच थांबलात, आणि त्या दिवशी पलंगावरून विचारलंत, "आता तर कार्ड आहे. बसशील ना?"

काका, कागद हे कारण कधीच नव्हतं. मी भिणारा माणूस आहे, पण ते भीतीमुळेही नव्हतं. तुमचं आयुष्य मी मागच्या बाजूने बघितलं होतं. ते मोठं होतं, आणि ते मला झेपणारं नव्हतं. चुलीसमोर उभं राहून मी दमतो, पण दुसऱ्या दिवशी तिथे जावंसं वाटतं. तुमची खुर्ची मला कधी हवीच नव्हती. मला तुमच्या मागे बसायचं होतं. एवढं एक वाक्य त्या दिवशी म्हणता आलं असतं. पण तुम्ही इतके वाळला होतात, आणि तुम्ही ते कशासाठी विचारत होतात तेही मला दिसत होतं. चार दशकं वाजवून मागे कोण, असा तो प्रश्न होता. त्याला "नाही" कसं म्हणतात ते मला येत नाही.

परवाच्या रविवारी त्याच हॉलमध्ये तुमच्यासाठी सगळे जमलो. जेवण मी केलं. काकूंनी सांगितलं होतं, त्याचा भात कर, म्हणून मसालेभात, आणि त्यांच्या लोकांसाठी काळा घेवडा. मंडळाचे लोकही आले होते, पांढऱ्या कपड्यांत, कुठे उभं राहायचं ते न कळल्यासारखे. सॅन अँटोनियोहून एक तरुण काँगावाला बदली म्हणून बोलावलेला. चांगला वाजवतो. तुम्ही कोण होतात ते त्याला ठाऊक नव्हतं, त्याने विचारलं, मी सांगितलं, त्याने मान डोलावली आणि हातांना चिकटपट्टी लावायला घेतली.

त्याआधी, किचनमध्ये, काकू माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं. "पाको, तो दर रविवारी घरी येऊन म्हणायचा, बस झालं, हा शेवटचा. दर रविवारी. आणि शनिवार आला की तेल कुठे आहे म्हणून घर डोक्यावर घ्यायचा." मग म्हणाल्या, "तुझं तसं आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि लिंबं चिरायला घेतली.

रामिरो ताट घेऊन आला तेव्हा माझ्या हातात डाव होता. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच, त्यामुळे आमचं एकमेकांना कळतं. तो म्हणाला, "पाको, पुढच्या रविवारपासून?"

"नाही, रामिरो."

"विचार करायला वेळ हवा?"

"नको. वेळ खूप झाला. मी स्वयंपाकी आहे. मानोचं ऐकायला येत होतो."

त्याने मान हलवली. रागावलाय की बरं वाटलंय, काही कळेना. मग ताट पुढे केलं. "मग अजून वाढ." मी वाढला. तुम्हाला "नाही" म्हटल्यासारखंच ते झालं. भात सांडला नाही.

बँड सुरू झाला. पहिलं गाणं सगळ्यांनी उभं राहून ऐकलं, दुसऱ्याला त्यांचे लोक नाचायला लागले, कारण तिकडे तसंच असतं. आपली मंडळी भिंतीशी, हातात कागदी ताटं. आणि नील्डाकाकू टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आल्या, माझ्या हातातला डाव काढून पातेल्यात ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, "चल."

"काकू, मला येत नाही."

"माहितेय."

"लोक बघतायत."

"बघू देत. मी त्याच्याशी या हॉलमध्ये फक्त ब्रेकमध्ये नाचले, रेकॉर्ड लावून. तो नेहमी वर." त्यांनी बँडकडे बोट केलं.

मी गेलो. वैद्यबाईंनी ताटाकडे बघितलं. मी लाकडासारखा उभा, आणि साहजिकच, एकावर पाय रोवून. काकू माझं कोपर धरून थांबल्या. मग तो सॅन अँटोनियोचा मुलगा चौथ्या मात्रेवर आला. काका, मागून ऐकताना मला नेहमी चामड्याचा आवाज ऐकू यायचा, तुमच्या बोटांचा, तुमच्या श्वासाचा. समोरून तसलं काही येत नाही. समोरून एक ढकल येते, पोटात, आणि पाय जमिनीवरून सुटतो. ठरवावं लागत नाही. इतकी वर्षं तुम्ही भांडून मला हे सांगत होतात, आणि मी चुकीच्या बाजूला बसून ऐकत होतो. वाजवणारा दुसरा होता. तुमच्या जागी कोणीतरी बसलं होतं आणि ते मी नव्हतो, आणि लोक नाचत होते. काकूंचं डोकं माझ्या खांद्यापर्यंत येतं. त्या रडत होत्या आणि त्यांचा पाय एकदाही चुकत नव्हता.

गाणं संपलं. त्यांनी पदर नसलेल्या माणसासारखं हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि विचारलं, अजून एक? सकाळपासून चुलीसमोर उभा होतो, टाचा ठणकत होत्या, पातेल्यात भात निवत होता. मी हो म्हटलं.